पहिलीच म्हणायचं

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी मला विचारलं, "ही कितवी वेळ?" मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून माझ्या सासूबाई म्हणाल्या, "पहिलीच हाय, मॅडम."

पोट माझं, प्रश्न मला, आणि उत्तर आत्यांचं. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. मॅडमनी मान डोलावली आणि पुढचं विचारायला लागल्या. उलट्या होतात का, झोप कशी आहे, जेवण जातं का. त्या सगळ्याची उत्तरं मीच दिली आणि खरी दिली. पहिलं तेवढं खोटं राहिलं, आणि ते दुरुस्त करायचा क्षण केव्हा निघून गेला ते मला कळलंच नाही. बाहेर पडताना आत्यांनी माझा दंड धरला होता. पायरी उतरताना मी पडू नये म्हणून धरला, की मी परत आत जाऊ नये म्हणून, हे मी आजही सांगू शकत नाही.

ती पहिली वेळ नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात माझं एक गेलं होतं.

मी खेळाची बाई. शाळेत मुलांना खेळ शिकवायचे, शिट्टी गळ्यात आणि आवाज मैदानाच्या त्या टोकापर्यंत. माहेर लोणी भापकरचं. तिथल्या शाळेत खो-खोला लागले ती कॉलेज संपेपर्यंत पळतच होते. मला रूप फार नाही, आवाजही गोड नाही, पण शरीर माझ्या शब्दाबाहेर कधी गेलं नव्हतं. वळ म्हटलं की वळायचं, थांब म्हटलं की थांबायचं. लग्न होऊन अंथुर्ण्याला आले तेव्हा नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर जायचा, मी स्कूटीवर बारामतीच्या शाळेत जायचे, आणि सासू-सासरे शेडनेटमधली ढोबळी मिरची आणि वरच्या तुकड्यातलं डाळिंब बघायचे. चौघं चार दिशांना, आणि रात्री एका ताटाभोवती. वाईट काहीच नव्हतं.

त्या पहिल्या वेळी नाव इंदापूरच्या एका दवाखान्यात घातलं होतं. त्या दिवशी सुट्टी होती. मी पीठ मळत होते. ओटीपोटात जड वाटायला लागलं, दुखत काहीच नव्हतं, नुसतं खाली ओढल्यासारखं. मला वाटलं, ओट्याशी फार वेळ उभी राहिले म्हणून असेल. मी उरलेल्या भाकरी केल्या, तवा उतरवला आणि मग पायाखाली पाणी झालं. संध्याकाळच्या आत सगळं संपलं होतं. दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते. म्हणाले, "होतं असं कधी कधी. पुन्हा प्रयत्न करा." पुन्हा प्रयत्न कर, हे मी मुलांना लांब उडीला सांगते.

मला दाखवलं नाही. नवरा आणि सासरे घेऊन गेले, कुठं नेलं ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घरी आल्यावर एक-दोन दिवसांत मला दूध आलं. याची कल्पना मला कुणीही दिली नव्हती. मी न्हाणीघरात उभी होते आणि गाऊनचा पुढचा भाग भिजलेला. आत्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, छातीला करकचून बांधली आणि म्हणाल्या, "रडू नगंस. आईनं रडलं की त्येचा जीव हितंच घुटमळतो." माझी आई आली होती, तीही हेच म्हणाली. दोघींचं एकमत क्वचित व्हायचं, ते नेमकं यावर झालं. मी रडले नाही. मैदानावर गुडघा फुटला तरी रडायचं नाही, ही सवय मला आधीपासूनच होती.

गल्लीतल्या बायकांनी मात्र निदान करून टाकलं. "शिट्टी फुकत पोरांमागं पळती, ऱ्हाईल कसं?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं, पिठाच्या गिरणीत, माझ्याच डब्याच्या मागं उभी राहून. मला संताप आला. मी डबा तिथंच ठेवून घरी आले. पण वाईट म्हणजे रात्रीपर्यंत मला ते पटलं होतं. आदल्याच आठवड्यात शाळेत क्रीडा स्पर्धा होत्या. मी पळाले होते, ओरडले होते, चुन्याची पोती सरकवली होती. आपण केलं हे, असं मनात बसलं आणि मग ते हललं नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी घरात ठरलं की इंदापूरचा तो दवाखाना आपल्याला लाभत नाही. दवाखाना लाभतो किंवा लाभत नाही, जशी एखादी विहीर किंवा बैल लाभतो. आता बारामतीला जायचं. आणि त्याच संध्याकाळी आत्यांनी दुसरंही ठरवलं.

"ह्या खेपंला पहिलीच म्हणायचं," त्या म्हणाल्या. "गेलेल्याचं नाव काढायचं न्हाय. नाव काढलं की ते मागं फिरतं आन ह्येच्या वाटंत बसतं."

"डॉक्टरला तरी सांगायला पाहिजे," मी म्हणाले.

"डाक्टरचं तोंड बंद असतं व्हय? एकदा कुणाच्या कानाव गेलं म्हंजी गेलं."

मी नवऱ्याकडं बघितलं. तो मोबाईलकडं बघत होता. "आईच्या मनासारखं होऊ दे की," तो म्हणाला. "आन सोनोग्राफीत दिसतंयच सगळं. आपण सांगायची काय गरज?"

यावर घरातल्या कुणालाच शंका आली नाही, मलासुद्धा नाही. मशीनला सगळं दिसतं. आत काय आहे ते दिसतं, तर आधी काय होतं तेही दिसत असणार. शिकल्या-सवरल्या घरात आम्ही चौघं हे धरून चाललो. मी शरीरशास्त्राचा पेपर देऊन पास झालेली बाई आहे, हे इथं सांगून ठेवते.

शिवाय खोटं वाटेल पण मलाही ते हवं होतं. पहिलीच. कोरी पाटी. जणू मागचं वर्ष मी फक्त शाळेत गेले आणि आले.

नोकरी मी सोडली. मॅडमनी मात्र उलटंच सांगितलं. तब्येत छान आहे, रोज चालायचं, हलका व्यायाम करायचा, घरात बसून राहायचं नाही. बरोबरच होतं, त्यांना जे सांगितलं होतं त्यावरून. मी सकाळी उठून गावाच्या रस्त्याला चालायला लागले. आमच्याकडे सून कामाशिवाय रस्त्यावर दिसली की लोकांना चैन पडत नाही. "कुठं निघालीस?" "फिरायला." "फिरायला कुठं?" "नुसतंच." त्यावर समोरचा माणूस असा बघायचा की बिचाऱ्या पोराच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय. एका आजोबांनी तर मला मोटरसायकलवर बसवून घरी सोडायची तयारी दाखवली. शेवटी आत्यांनी माझ्या हातात सासऱ्यांच्या न्याहारीचा डबा दिला. "विचारलं तर म्हणावं, रानात चाललीया." मग कुणी विचारलं नाही. डबा घेऊन चाललेली बाई सगळ्यांना कळते.

चालताना मी सुखानं चालत होते असं नाही. एक हात डब्याला, दुसरा पोटावर. पाय टाकताना हळू, रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा. मी, जी खो-खोच्या खांबाला एका हातावर वळसा घालायची. मॅडम म्हणतात चाल, गिरणीतल्या बायका म्हणतात पळाली म्हणून गेलं, आणि दोन्ही आवाज माझ्याबरोबर शेडनेटपर्यंत यायचे. सासरे डबा घ्यायचे, एखादी पिवळी मिरची माझ्या हातात ठेवायचे आणि म्हणायचे, "सावकास जा, बाय." ते दुसरं काहीच बोलायचे नाहीत. त्या घरात तेव्हा मला सगळ्यात बरं वाटायचं ते त्यांच्याजवळ.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर गरोदर बायकांचा व्यायामवर्ग होता. मॅडमनीच नाव घालायला लावलं. आत्या मला घेऊन एसटीनं यायच्या, खाली बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या आणि मी वर जायचे. वर आरसे, चटया, बासरी लावलेली. शिकवणारी फिजिओ ताई माझ्याहून लहान. चांगली होती, शिकवायची बरोबर, मान कुठं, कंबर कुठं, श्वास कधी. फक्त एक गोष्ट ती दर वेळी म्हणायची आणि ती मला सहन व्हायची नाही. "हसा! आई हसली की बाळ हसतं. आई रडली की बाळाला कळतं." आरशात रांगेनं पोटं आणि त्यांच्यावर रांगेनं हसणारी तोंडं. त्यात माझंही.

त्या वर्गाचा मोबाईलवर ग्रुप होता. रोज एक आनंदाचा क्षण टाकायचा. कुणी लोकरीचे मोजे टाकायचं, कुणी नवऱ्यानं आणलेला गजरा, कुणी देवघर. मला सुचायचं नाही. एक दिवस मी सासऱ्यांनी दिलेल्या पिवळ्या मिरचीचा फोटो टाकला. त्याला सगळ्यात जास्त बदाम आले. नणंदेनं गर्भसंस्काराचे श्लोक पाठवले होते, ते मी कानाला लावून झोपायचे, म्हणजे झोपायचं नाटक करायचे.

खरं सांगायचं तर मी त्या बाळाशी एक शब्दही बोलले नव्हते. बाकीच्या बोलायच्या. पोटावर हात ठेवून "पिल्लू" म्हणायच्या. माझ्या तोंडातून काही निघायचं नाही. मी नाव सुचू दिलं नाही, कपडा घेऊ दिला नाही. कुणी पाळण्याचा विषय काढला की मला राग यायचा, इतका की ताट बाजूला सारून उठावंसं वाटायचं. मी वाट बघत होते, पण बाळाची नाही. ते कधी जाईल याची. आणि असं मनात येतं म्हणून मी वाईट आई आहे, आणि आई वाईट म्हणून ते जाणार, अशी ती घाण्याची फेरी. रडायला आलं की नळ सोडायचा. रडून झालं की, रडल्याचं त्याला कळलं असेल म्हणून घाबरायचं. नवरा म्हणायचा, "टेन्शन घेऊ नको." मी टेन्शन घेत नव्हते, ते आमच्या घरात राहायला आलं होतं.

पाचवा लागला तसं आत्यांनी माझ्या हातातला डबाच काय, तांब्यासुद्धा काढून घेतला. मी उठले की त्यांची नजर माझ्या पायांकडं, फरशीकडं. तेव्हा मला कळलं की त्याही तेच बघतायत जे मी बघतेय. एका घरात दोन बायका एकाच गोष्टीला भीत होत्या आणि एकमेकींशी भाजी काय करायची एवढंच बोलत होत्या.

त्या दिवशी वर्गात उकिडवं बसायचा व्यायाम होता. ताईंनी मला पुढं बोलावलं. "तुमची बैठक बघा सगळ्यांनी. खेळाडू आहेत या. यांच्याकडे बघून करा." मी पुढं जाऊन बसले. टाचा टेकलेल्या, पाठ ताठ, तळवे जोडलेले. खो-खोच्या पाटीत असं मी किती बसलेय. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या आणि खरं म्हणजे त्या क्षणी, फार दिवसांनी, मला माझं शरीर पुन्हा माझं वाटलं. बरं वाटलं. आणि तेवढ्यात खाली जड झालं.

दुखलं नाही. नुसतं खाली ओढलं. हे ओढणं मला ओळखीचं होतं. पिठाची परात, तवा आणि उरलेल्या भाकरी, सगळं त्याच्याबरोबर आलं.

मी उठले. ताई म्हणाल्या, "अजून थोडं, छान चाललंय." मी चप्पल न घालता दार उघडून बाहेर आले. जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. खाली बाकावर आत्या बसल्या होत्या, पिशवीवर डोकं टेकून पेंगत. माझे अनवाणी पाय बघून त्या ताडकन उठल्या. "काय झालं?" मी थांबले नाही. मॅडमच्या दाराशी नंबर लावलेल्या बायका बसल्या होत्या. दारातली बाई म्हणाली, "ताई, नंबर." मी म्हणाले, "मरू दे नंबर," आणि आत शिरले. माझ्या मागं आत्या शिरल्या.

मॅडम कुणाचा तरी रक्तदाब बघत होत्या. मी तिथंच उभी राहून म्हणाले, "ही माझी पहिली वेळ नाही. गेल्या वर्षी पाचव्यात एक गेलंय. न दुखता गेलंय. आणि आत्ता मला तसंच होतंय."

मॅडमनी आधी त्या दुसऱ्या बाईला बाहेर पाठवलं. मग मला झोपवलं. बोलताना त्यांचा आवाज चढला नाही, पण हात भराभर चालत होते. "पाचव्यात? कळा नव्हत्या? नुसतं पाणी गेलं?" मी हो हो म्हणत गेले. त्यांनी मशीन लावलं. पडद्यावर बाळ आपल्या मजेत पाय झाडत होतं. पण मॅडम बाळाकडं बघत नव्हत्या. त्या खाली बघत होत्या.

"पिशवीचं तोंड आखूड झालंय," त्या म्हणाल्या. "उघडायला लागलंय. काहींचं कच्चं असतं, वजन वाढलं की पेलत नाही. तुमचं मागचं असंच गेलं असणार. हे मला माहीत असतं तर मी तिसऱ्या महिन्यातच टाका घालायचं बघितलं असतं. असल्या बैठका तर करूच दिल्या नसत्या."

"मी तेव्हा पळाले होते," मी म्हणाले. "शाळेत. म्हणून गेलं ना ते?"

"पळाला नसतात तरी गेलं असतं. तुमच्या पळण्याचा काही संबंध नाही."

हे वाक्य ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. पुस्तकात तसंच लिहितात. मला भयंकर राग आला. एक अख्खं वर्ष. गिरणीतल्या त्या बाईचा राग, इंदापूरच्या त्या डॉक्टरांचा, नवऱ्याच्या मोबाईलचा, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या आत्यांचा. मॅडम त्यांच्याकडं वळल्या. "आजी, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

आत्यांनी पदर तोंडाला लावला होता. फक्त म्हणाल्या, "आता ऱ्हाईल का?"

"सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "टाका घालू. बघू."

टाका घातला. मला घरी आणलं आणि पलंगावर ठेवलं. संडासला उठायचं, आंघोळीला बसायचं, बाकी पडून. पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली सासऱ्यांनी विटा लावल्या. डॉक्टरांनी तसं काही सांगितलं नव्हतं, त्यांनी ते आपल्याच डोक्यानं केलं. म्हणजे पाणी उताराला लागतं तसं पोर उताराला लागू नये. मला हसू आलं, पण हसायचीही भीती, टाक्यावर जोर येईल म्हणून. विटा तशाच राहिल्या.

पडून राहणं हे माझ्यासारखीला काय असतं ते मी सांगू शकणार नाही. पोटऱ्या मऊ पडल्या. मी त्या दाबून बघायचे आणि दुसऱ्याच बाईच्या वाटायच्या. फिजिओ ताईंचा फोन आला. बिचारी रडवेली झाली होती, तिची काहीच चूक नव्हती. पडल्या पडल्या काय चालेल ते मॅडमना विचारून तिनं सांगितलं. घोटे फिरवायचे, श्वास मोजून घ्यायचा. मी, जी पोरांकडून मैदानाच्या फेऱ्या मारून घ्यायची, ती घोटे फिरवत होते आणि त्यानंच दमत होते. ग्रुपवर मी एक दिवस आनंदाचा क्षण न टाकता खरं ते टाकलं. माझं एक गेलंय, आता टाका आहे, मला फार भीती वाटते. मग फुलं आली, हात जोडलेले आले, "पॉझिटिव्ह राहा" आलं. आणि दुपारी वर्गातल्या एका बाईंचा, बँकेत होत्या त्या, वेगळा मेसेज आला. "माझंही एक गेलंय. कुणाला सांगितलं नाही." मी तो मेसेज पुसला नाही.

आत्या माझं सगळं करत होत्या. पाय चोळायच्या, वेणी घालायच्या, भरवायच्या. पण बोलायच्या नाहीत. मीही मुद्दाम गप्प होते. शेवटी एका दुपारी त्या तळपायाला तेल लावत असताना माझ्या तोंडून निघालं.

"आत्या, तुमच्या त्या एका शब्दापायी हेही गेलं असतं."

मला वाटलं, भांडतील. त्या म्हणाल्या, "व्हय." आणि तेल लावत राहिल्या. दुसरा पाय मांडीवर घेत म्हणाल्या, "मला वाटलं, मी राखतीया त्येला."

मी भांडायची तयारी करून ठेवली होती, आणि समोर भांडायला कुणी नव्हतंच.

मग त्यांनीच विचारलं, "त्येला तू बघितलं हुतंस का?"

"मला कुणी दाखवलं कुठं?"

"मी बघितलं," त्या म्हणाल्या. त्यांचे हात थांबले. "पोरगी हुती. लांब बोटं, तुज्यावानी. मीच कापडात गुंडाळली. तुज्या सासऱ्यानी डाळिंबाच्या वरल्या अंगाला ठिवली, हितं घरच्या रानातच. कुणाला काय बोलायचं न्हाय म्हणलं मी. मलाच बोलाया येत न्हवतं."

मुलगी. वर्षभरात मला एवढंही माहीत नव्हतं. हुंदक्यासरशी मी उठून बसायला गेले. आत्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे पलंगाला दाबून धरले. "आता नगं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचेच डोळे गळत होते. "आता नगं, बाय. टाका हाय. मागनं रड. मी न्हाय अडवायची." मी ओठ दाताखाली धरले आणि ताईंनी शिकवलेला श्वास घेतला. आत, थांब, बाहेर. त्या दुपारी त्या श्वासाचा खरा उपयोग झाला.

त्यानंतरचे महिने मी सांगत बसत नाही. भीती काही गेली नाही. माझी आई लोणी भापकरहून येऊन राहिली. सातव्यात रीतीप्रमाणं माहेरी न्यायचं म्हणत होती, पण मला एवढा प्रवास कुणी करू देईना. मग दोघी विहिणी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून लसूण सोलायच्या आणि माझ्या अंगावरून गावच्या गप्पा मारायच्या. कधी मला हसू यायचं, कधी दोघींना हाकलून द्यावंसं वाटायचं. एकदा मात्र आत बाळानं जोरात लाथ मारली आणि मी पहिल्यांदा मोठ्यानं त्याच्याशी बोलले. म्हणाले, "गप बस, टाका आहे." माझे पहिले प्रेमाचे शब्द ते.

नववा लागल्यावर मॅडमनी टाका काढला आणि थोड्याच दिवसांत कळा आल्या. खऱ्या, कंबर मोडणाऱ्या कळा. त्या आल्या याचाच मला इतका आनंद झाला की नर्सला मी वेडी वाटले असेन. दुखत होतं, म्हणजे हे वेगळं होतं. दुपार टळायच्या आत मुलगा झाला. ओला, लालबुंद, आणि आवाज माझ्यासारखा, मैदानाच्या त्या टोकापर्यंत जाणारा. त्यांनी तो माझ्या छातीवर ठेवला. त्याची बोटं माझ्या गळ्याला लागली. ती लांब होती.

आणि मी रडायला लागले. हळू नाही. तोंड उघडून, गावंढळासारखं, थांबवता येईना असं. दार उघडून आई आणि आत्या आत आल्या होत्या. नवरा दारात पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभा, त्याला पाय पुढं टाकावा की मागं तेच कळेना. नर्स म्हणाली, "ताई, सगळं छान झालंय, असं रडू नका." आई घाबरली, धावत आली, पदरानं माझं तोंड पुसायला लागली. "आगं, पोरगा झाला आन रडतीस काय अशी? गप. दूध आटंल. गप बघू."

आत्यांनी तिचा हात माझ्या तोंडावरून बाजूला केला.

"रडू द्या तिला, इहीणबाई," त्या म्हणाल्या. "दोन लेकरांचं रडती ती."